भांड्याला न लागलेलं ऑम्लेट

"अंडं भांड्याला लागणार नाही म्हणतोस?" आत्यानं विचारलं.

"अजिबात नाही," नंदू म्हणाला.

"चमच्याला?"

"चमचा लागतच नाही, आत्या."

"आणि ताटलीला?"

इथे नंदू अडखळला. ह्यूस्टनहून येताना त्यानं सगळा विचार करून ठेवला होता, पण ताटली त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. शेवटी दादानं परसातल्या केळीकडे बोट दाखवलं. आत्यानं नंदूच्या हातातली झिपवाली पिशवी घेतली, उजेडात धरून पाहिली, तिची झिप दोन-तीनदा उघडली, मिटली आणि म्हणाली, "मग माझी हरकत नाही. पण स्वयंपाकघरातलं पातेलं मिळायचं नाही. आंघोळीच्या पाण्याचं घ्या."

मिरजेच्या आमच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. आई आम्ही लहान असतानाच गेली. तेव्हापासून बाबांची ही थोरली, विधवा बहीण आमचं घर चालवत होती. घरातल्या कुठल्याही भांड्याला अंडं लागता कामा नये, हा तिचा नियम. खाऊ नका असं मात्र ती कधी म्हणाली नाही. त्यामुळे बाबा, दादा आणि मी तिघंही स्टेशनजवळच्या गाड्यावर ऑम्लेट खायला जात असू, तिघंही वेगवेगळ्या वेळी जात असू आणि येताना बडीशेप चघळत येत असू. आत्याला ते ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे आम्हालाही ठाऊक होतं. म्हणून आमचा हा चुलतभाऊ नंदू सुट्टीला आला आणि त्यानं पिशवीत उकडायच्या ऑम्लेटची कल्पना काढली, तेव्हा घरात लग्नघरासारखी धांदल उडाली. नियमही मोडत नव्हता आणि ऑम्लेटही घरी मिळत होतं.

मला मात्र त्या सकाळी ऑम्लेटपेक्षा मोठी काळजी होती. दादानं उदयला बोलावलं होतं.

उदय खराडे हा दादाचा कॉलेजपासूनचा मित्र, पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. घरच्यांच्या लेखी तो दादाचा मित्र आणि तेवढाच. माझ्या लेखी तो माझा नवरा व्हायचा होता, आणि ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हती. मार्चमध्ये नोकरीत कायम झाला की तो रीतसर येऊन बाबांना विचारणार, असं आमचं ठरलं होतं. पण पुण्याचे कुंटे मार्चपर्यंत थांबायला तयार नव्हते. त्यांच्या मुलाला माझा फोटो पसंत पडला होता, पत्रिका जुळली होती, आणि पुढच्या रविवारी मला बघायला यायचं की नाही, हे आत्या त्याच दुपारी फोन करून त्यांना कळवणार होती. कुंटे भारी सोवळे. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नसे, म्हणून तर आत्याला ते स्थळ इतकं आवडलं होतं. अशात उदयचं प्रकरण तिच्या कानावर गेलं तर त्याचा आमच्याकडचा चहा बंद होणार आणि माझी रवानगी पुण्याला होणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की आज त्याच्याकडे बघायचं नाही, आपण होऊन बोलायचं नाही, त्यानं काही विचारलंच तर हो किंवा नाही एवढंच म्हणायचं.

डिसेंबरची थंडी होती. परसातल्या चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं रटरटत होतं. बाबा कानाला मफलर गुंडाळून पाटावर बसले होते, अगदी पुढे, जसं काही त्यांची मुंज होती. मी जुन्या विळीवर कांदा, टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर चिरत होते आणि केळीच्या पानावर ढीग लावत होते. नंदू मध्ये उभा राहून समजावून सांगत होता.

"आधी पिशवीवर आपलं नाव घालायचं. मग आत दोन अंडी फोडायची. हवं ते टाका, हवा काढा, झिप लावा आणि बाहेरून चांगलं कुस्करा. पाव तास उकळायचं. पिशवी उघडली की ऑम्लेट आपोआप वळकटी होऊन बाहेर येतं."

"आपोआप?" बाबांनी विचारलं.

"आपोआप, काका."

"आणि नाव घालायचं ते कशासाठी?"

"म्हणजे ज्याचं त्याला मिळतं. कुणाला कांदा नको, कुणाला तिखट नको. भांडणच नाही."

नावं घालायला दादानं आपल्या क्लासमधलं पेन आणलं. दादा गणिताचा क्लास घेत असे. तेवढ्यात आत्या पायरीवर येऊन म्हणाली, "नंद्या, एक पिशवी मला दे. मेतकूट ठेवायला होईल." नंदूनं दिली. ती घेऊन आत्या आत गेली आणि थोड्या वेळानं पुन्हा बाहेर येऊन चुलीशी बसली. आमच्यानं जाळ टिकायचा नाही, असं तिचं म्हणणं होतं.

पहिलं अंडं फोडायचा मान बाबांचा. त्यांनी ते पाटाच्या कडेवर इतक्या हळू आपटलं की त्याला तडाही गेला नाही. दुसऱ्यांदा इतक्या जोरात आपटलं की अंड्याबरोबर अर्धं कवचही पिशवीत गेलं. मग ते एक डोळा मिटून पिशवीत दोन बोटं घालून कवच शोधत बसले, आणि कवच दर वेळी निसटत होतं. "थांब रे," ते त्या कवचालाच सांगत होते, "थांब जरा." नंदू हसून हसून जमिनीवर बसला. मलाही हसू आवरेना, विळी सोडून उठावं लागलं.

नेमका तेव्हाच उदय आला. दारातूनच म्हणाला, "काय चाललंय काय? रस्त्यापर्यंत आवाज येतोय."

"ऑम्लेट," दादा म्हणाला. "पण पाव राहिला बघ आणायचा."

"मी आणतो की," असं म्हणून उदय आल्या पावली सायकल फिरवून गेला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझं मलाच कौतुक वाटलं.

"वृंदे," दादानं हाक मारली, "उदय येईपर्यंत त्याची पिशवी भरून ठेव गं. नाहीतर तो बसेल नुसता पाव खात."

मी त्याची पिशवी भरली, तिच्यावर नाव घातलं आणि बाकीच्यांच्या पिशव्यांत ठेवली. इतकी साधी गोष्ट होती. तेव्हा माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही.

मग कुस्करायचा कार्यक्रम झाला. नंदूनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन पिशवी हलवली आणि तो परसात गोल गोल नाचला. दादा त्याच्यामागे. बाबा पिशवी मांडीवर घेऊन, कणीक मळावी तसे मनापासून मळत होते आणि अधूनमधून आत बोटानं कवच चाचपडत होते. दादाला दुप्पट मोठं ऑम्लेट करायचं होतं, म्हणून तो उरलेली दोन अंडी शोधायला लागला. ती काही मिळेनात.

"डझन सांगितली होती. त्या दुकानदारानं दहाच बांधून दिली," तो वैतागून म्हणाला. "उद्या बघतो त्याच्याकडे."

"जाऊ दे," आत्या चुलीत लाकूड सारत म्हणाली. "माणूस चुकतो."

एरवी दुकानदाराच्या चुकीला आत्याजवळ माफी नसे. पण त्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पिशव्या पाण्यात सोडल्या. सगळे पातेल्याभोवती वाकून बघत होते, अगदी आत्यासुद्धा. पिवळ्या पिशव्या खालीवर होऊ लागल्या. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "नंदू, पाणी निळं होतंय का रे?"

पाणी खरंच निळसर होत होतं. दादानं आपल्या पेनाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. ते फळ्यावर लिहायचं पेन होतं, ओल्या फडक्यानं पुसलं की जाणारं.

"माझं नाव उकळलं," बाबा म्हणाले, आणि मग त्यांनाच इतकं हसू आलं की मफलर तोंडात कोंबावा लागला.

पाव तासानं चिमट्यानं पिशव्या बाहेर काढल्या. केळीच्या पानावर पाच पिशव्या एका रांगेत, पाचही पिवळ्या, एकीवरही अक्षर नाही. उदय तोवर पाव घेऊन आला होता आणि तुळशीपाशी उभा होता. ज्याचं त्याला मिळणार, भांडणच नाही, असं म्हणणारा नंदू डोक्याला हात लावून बसला.

"वृंदा सांगेल," दादाला सुचलं. "तीच चिरत होती. कुणी काय घातलं ते तिच्यासमोरच घातलं."

मला हा मान फार आवडला. मी पदर खोचला आणि न्यायाधीशासारखी पाटावर बसले. पहिली पिशवी उचलून दाबून बघितली. "यात कवच आहे. बाबा." बाबांनी दोन्ही हातांनी ती घेतली. "ही फुगलीय. यात सगळंच घातलंय, पापडाचा चुरासुद्धा. दादा." सगळे टाळ्या वाजवायला लागले. "चीज. नंदू." "नुसत्या मिरच्या. ही माझी." मी जोरात आले होते. शेवटची पिशवी उचलली, वळवून बघितली आणि अगदी ऐटीत म्हणाले, "आणि ही उदयची. टोमॅटो नाही, कारण टोमॅटोनं त्याच्या अंगावर गांधी उठतात. मिरचीच्या बिया काढल्यात. आणि कोथिंबिरीची पानं नाहीत, नुसते देठ. पानं तो बाजूला काढून ठेवतो."

टाळ्या वाजल्या नाहीत.

दादा उदयकडे वळला. "तुला टोमॅटो चालत नाही?"

"नाही," उदय म्हणाला.

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"मला कसं माहीत नाही? कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलो आपण."

उदय पावाच्या पुड्याकडे असा बघत होता की जणू त्यावर काही लिहिलंय. माझ्या हातात पिशवी तशीच गरम होती आणि मला ती खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

"वृंदे," आत्या चुलीजवळून म्हणाली. आवाज अगदी साधा होता, तो तसा असला की आम्ही जास्त घाबरत असू. "उदय तर पाव आणायला गेला होता. त्यानं तुला सांगितलं कधी?"

"सांगितलं नाही."

"मग? आपल्याकडे त्यानं आजवर चहाखेरीज काही घेतलेलं नाही. कोथिंबिरीची पानं तो बाजूला काढून ठेवतो, ती तू कुठे बघितलीस?"

बघितली होती सांगलीच्या स्टँडमागच्या गाड्यावर, दोन वर्षं, माझं ऑफिस सुटल्यावर, एकेका ऑम्लेटचे दोन भाग करून. हे सांगायचं कसं? हो किंवा नाही एवढंच बोलायचं ठरवलं होतं, आणि आता नेमका असा प्रश्न आला होता ज्याला दोन्ही उत्तरं चालणार नव्हती. बाबा माझ्याकडे बघत होते, दादा उदयकडे. मला डोळ्यांसमोर कुंट्यांचं ते लखलखीत, कांद्याविना असलेलं घर दिसायला लागलं.

नंदूला बिचाऱ्याला यातलं काही कळलं नव्हतं. तो उरलेलं पाणी ओतायला पातेलं कलंडवत होता. "अरे," तो म्हणाला, "इथे तळाशी आणखी एक आहे."

चिमट्यात सहावी पिशवी होती.

"ही कुणाची?"

पाच माणसं, पाच पिशव्या, त्या वाटून झाल्या होत्या. दादा म्हणाला, माझी नाही. बाबा म्हणाले, मला माझी एक तरी नीट संपवू दे. नंदूनं पिशवी उघडून पानावर उलटी केली. वळकटी झालेलं सुरेख ऑम्लेट घरंगळलं, त्या सगळ्यांत देखणं.

"वृंदा, सांग," नंदू म्हणाला.

मला तेवढाच सुटकेचा श्वास मिळाला. मी एक तुकडा मोडून तोंडात घातला. कांदा नव्हता. लसूण नव्हता. आलं होतं, तळहातावर चोळून घातलेलं जिरं होतं. आणि मग जिभेवर ते आलं, चिमूटभर, ओळखीचं. साखर. आमच्या घरात वरणापासून ठेच्यापर्यंत सगळ्यात साखर घालणारं माणूस एकच होतं.

मी मान वर केली. आत्या चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. जाळाची आता काही गरज नव्हती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती, आणि मला एकदम तिची इतकी माया आली की माझी स्वतःची भीती कुठल्या कुठे गेली.

"माझी," मी म्हणाले.

"तुझी तर ही घेतलीस ना मघाशी?" दादा म्हणाला.

"मी दोन केल्या."

"तरीच दोन अंडी कमी. आणि मी त्या दुकानदाराला शिव्या घालतोय." दादा चिडला, नंदू हसायला लागला, बाबा म्हणाले की मुलगी वाढीच्या वयात आहे, आणि मी चोवीस वर्षांची असल्यामुळे नंदू आणखीनच हसायला लागला. सगळं पुन्हा मार्गाला लागलं असं वाटलं.

"वृंदे, खोटं बोलू नकोस," आत्या म्हणाली.

ती उठली. पदर सारखा केला, पाटावर येऊन बसली आणि हात पुढे केला.

"ती पिशवी माझी आहे. आण इकडे."

बाबांच्या हातातलं रिकामं पान खाली पडलं. "ताई?"

"काय ताई? भांड्याला लागलं का? चमच्याला लागलं का? अंडी मीच माझ्या हातानं पिशवीत फोडली, मग हात धुतले. नियम मोडला असेल तर सांग, श्रीधर."

बाबांनी पडलेलं पान उचललं.

"वीस वर्षं बघतेय मी," आत्या म्हणाली. "एकामागून एक जाता, बडीशेप खाऊन येता आणि दिवसभर खुशीत असता. मला एकदा बघायचं होतं, त्यात आहे तरी काय. तुम्ही सगळे आत गेल्यावर काढणार होते मी ती." तिनं एक घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं सावकाश चावलं, गिळलं, आणखी एक घास घेतला. "मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

मग नंदूनं सुरुवात केली की दादानं ते आठवत नाही, पण परसात जो हशा उसळला तो आवरेचना. बाबा हसता हसता रडत होते. उदयनं पावाचा पुडा तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि तोही हसला. आत्या तेवढी गंभीरपणे खात होती. शेवटचा घास संपल्यावर तिनं पान दुमडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मी माझी पिशवी कबूल केली," ती म्हणाली. "आता तू तुझा माणूस कबूल कर."

हशा थांबला. या गोष्टीला आता वीसेक वर्षं होऊन गेली, पण त्या क्षणी चुलीतली राख कशी भुरभुरत होती ते मला अजून दिसतं. मी उदयकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"हो," मी म्हणाले. "हाच."

उदय पुढे आला. "आत्या, मीच येऊन सांगणार होतो. मार्चला कायम झालो की."

"मार्चला काय सांगणार होतास? ती तोवर पुण्याला कुंट्यांकडे सोवळं नेसून बसली असती."

"ताई, पण ते खराडे..." बाबा चाचरले.

"खराडे आहेत ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पितोय तो." आत्या दादाकडे वळली. "आणि तू रे? तुझा जिवलग मित्र ना? तुला टोमॅटोचं माहीत नाही. हिला देठापर्यंत माहीत आहे. आता यात विचारायचं काय राहिलं?"

दादा म्हणाला, "मला आधी सांगायला काय झालं होतं?" आणि त्यानं उदयच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला. तो रागाचा होता की आनंदाचा, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. मी मात्र बाबांकडे बघत होते. ते बराच वेळ मफलरचं टोक पिरगाळत राहिले. मग त्यांनी आपल्या ऑम्लेटचा अर्धा भाग मोडला आणि उदयच्या पानावर ठेवला. "कवच बघून खा," ते म्हणाले.

मला तेव्हा रडू फुटलं.

"आणि पुण्याचं काय?" थोड्या वेळानं बाबांनी विचारलं. "त्यांना काय सांगायचं? मुलीचं बाहेर जमलंय म्हटलं तर गावभर होईल."

"खरं ते सांगायचं," आत्या म्हणाली.

ती आत गेली. आम्ही सगळे तिच्यामागे, पानं हातात धरून, स्वयंपाकघराबाहेरच्या फोनपर्यंत. तिनं नंबर फिरवला.

"कुंटे ना? मी मिरजेहून बोलतेय. हो, रविवारचंच. त्याआधी एक गोष्ट कानावर घातलेली बरी. आमच्याकडे अंडी खातात... हो, घरात. आजच केली होती... मुलगीही खाते." मग ती पलीकडचं ऐकत राहिली. "मी? मी पण खाल्लं."

तिनं फोनकडे बघितलं आणि तो हळूच जागेवर ठेवला.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"ठेवला त्यांनी," आत्या म्हणाली. मग ती नंदूकडे वळली. "नंद्या, पिशव्या किती उरल्यात रे?"